पाण्यातून सायकलवर, सायकलवरून पायी : मधला वेळ कसा वाचवावा?



आपल्या भागातील तरुण मंडळींना अलीकडे एका नव्या शर्यतीचे वेड लागले आहे. आधी पोहायचे, पाण्यातून बाहेर आले की ओल्या अंगाने सायकल मारायची, आणि सायकल जागेवर लावली की लगेच पायी पळायचे. या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. शेतावर फिरताना अनेक सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, पोरगं पहाटे चारला उठून विहिरीत पोहतंय आणि नाश्त्याआधी पन्नास किलोमीटर सायकल मारून येतंय. हे काय प्रकरण आहे?" काही मातापित्यांना काळजी वाटते, काहींना कौतुक वाटते, आणि बहुतेकांना दोन्ही वाटते. म्हणून या अंकात या शर्यतीतील एका दुर्लक्षित भागाची माहिती देत आहोत. तो भाग म्हणजे एक काम संपवून दुसरे सुरू करण्यामधला वेळ. खेळाडू त्याला ट्रान्झिशन म्हणतात, आम्ही साध्या भाषेत 'बदल' म्हणू.

कष्टाची सवय आपल्या पोरांना आहेच. पोहणे विहिरीत शिकलेले असते, सायकल शाळेच्या वाटेवर पक्की झालेली असते, पळणे पोलीस भरतीच्या तयारीत झालेले असते. अडते ते मध्येच. ऊस तोडणारी टोळी कितीही तरबेज असली आणि मिल कितीही जोरात चालली, तरी तोडलेला ऊस फडातच पडून राहिला तर वजन घटते आणि उताराही घटतो. या शर्यतीचेही तसेच आहे. तिन्ही कामे चांगली झाली तरी मधल्या जागेत वेळ सांडला, तर केलेले कष्ट वजनात दिसत नाहीत.

ही शर्यत आली कुठून?

पोहणे, सायकल आणि धावणे अशी पहिली आधुनिक जोडशर्यत अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात २५ सप्टेंबर १९७४ रोजी झाली. त्यानंतर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी अचाट शर्यत भरली. सगळ्यांत दमदार कोण, पोहणारा, सायकलवाला की पळणारा, या वादातून ती निघाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागली. हीच आयर्नमॅन, म्हणजे लोहपुरुषाची शर्यत.

सन २००० मध्ये सिडनी येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तिथे अंतर कमी, १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे लोहपुरुषाची पूर्ण शर्यत पार केली आणि मराठी घराघरांत या खेळाचे नाव पोहोचले. सांगलीचे पोलीस अधीक्षक राहिलेले कृष्ण प्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समध्ये ती पार केली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची शर्यत सुरू झाली : १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. पहिल्याच वर्षी सैन्यदलातील विश्वरजित सिंग सायखोम पुरुषांत पहिला आला. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे खंड पडला, २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली. २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांचे सुवर्णपदक महाराष्ट्राच्या डॉली पाटील हिने मिळवले. तेव्हा हे खूळ शहरातल्या चार हौशी लोकांपुरते राहिलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

हिशेब मांडून पाहू

या शर्यतीत घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. टोपी काढताना, मोजे घालताना, सायकल शोधताना, पाणी पिताना ते चालूच राहते. म्हणून जाणकार बदलाला शर्यतीचे चौथे अंग मानतात.

समजा, एका गड्याला गोव्यातील अंतरात दोन्ही बदलांना मिळून १२ मिनिटे लागतात. नीट सराव केला आणि ६ मिनिटांत काम उरकले, तर ६ मिनिटे वाचली. हीच ६ मिनिटे सायकलवर वाचवायची म्हटली तर काय करावे लागेल? ताशी २५ किलोमीटरने ९० किलोमीटरला ३ तास ३६ मिनिटे लागतात. ती साडेतीन तासांवर आणायची तर संपूर्ण ९० किलोमीटर ताशी २५.७ किलोमीटरने मारावे लागतील. पळण्यात वाचवायची तर प्रत्येक किलोमीटरला १७ सेकंद कमी करावी लागतील, तेही सायकलने पाय शिणल्यावर. त्यासाठी कित्येक महिन्यांची मेहनत लागते. बदलातली ६ मिनिटे मात्र घरच्या अंगणात पंधरा दिवसांच्या सरावाने वाचू शकतात, त्याला ना जास्त दम लागतो ना जास्त पैसा.

आणि हा हिशेब फक्त नंबर काढणाऱ्यांसाठी नाही. गोव्याच्या अंतरासाठी साधारणपणे साडेआठ तासांची मुदत असते, पोहण्याला १ तास १० मिनिटांची. मुदत चुकली की पदक नाही. मागून येणाऱ्या साध्या गड्यालाच या मिनिटांची खरी गरज असते.

निजामपुऱ्याचा अनुभव

भिवंडीत निजामपुऱ्याला आमच्या थोरल्या बहिणीचे सासर आहे. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव, तिथली झोपसुद्धा मागाच्या खडखडाटात लागते. आमचा भाचा मागाच्या शेडचा हिशेब पाहतो आणि या शर्यतीच्या नादाला लागला आहे. २०२२ साली तो गोव्यात उतरला. पोहायला ५८ मिनिटे, पहिल्या बदलाला ९, सायकलला ४ तास २० मिनिटे, दुसऱ्या बदलाला ८ आणि पळायला २ तास ५९ मिनिटे. बेरीज झाली ८ तास ३४ मिनिटे. चार मिनिटांनी मुदत हुकली. आम्हाला म्हणाला, "मामा, पायात अजून ताकद होती हो, पण घड्याळच संपलं." वर्षभराची मेहनत, प्रवासाचा आणि प्रवेशाचा खर्च, सगळे त्या चार मिनिटांत गेले. आमची बहीण तर म्हणाली, आता पुरे हे.

पुढच्या खेपेची तयारी त्याने शेडबाहेरच्या गल्लीत केली. रात्रपाळी सुरू झाली की सायकल भिंतीला लावायची, पुढे पोते अंथरायचे, त्यावर शिरस्त्राण आणि बूट मांडायचे आणि घड्याळ लावून बदलाचा सराव करायचा. शेडमधले एक जुने विणकर रोज हे बघत. साध्या मागात धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो. कामगार रिकामा धोटा काढतो, भरलेला घालतो आणि माग पुन्हा चालू करतो. एकेकाकडे चार-सहा माग असतात, त्यामुळे इथे रेंगाळला की तिथे दुसरा माग बंद पडलेला असतो. विणकरांनी त्याला एवढेच विचारले की दुसरा धोटा तू आधी भरून का ठेवत नाहीस? माग थांबल्यावर कांडी शोधायला जाणारा कामगार कधी पगार नेईल का?

भाचा समजला. शर्यतीत करता येईल ते काम शर्यतीआधी करून ठेवायचे. मोजे आधीच गुंडाळून बुटात, बुटाला बांधायच्या नाडीऐवजी ताणणारी रबरी नाडी, छातीवरचा नंबर पट्ट्यावर आधीच लावलेला, पाण्याच्या बाटल्या सायकलवर आधीच बसवलेल्या. २०२३ साली तो पुन्हा उतरला. पोहणे ५७ मिनिटे, पहिला बदल ५, सायकल ४ तास १५ मिनिटे, दुसरा बदल ४, पळणे ३ तास १ मिनिट. एकूण ८ तास २२ मिनिटे. पळण्यात तो उलट दोन मिनिटे मागे पडला होता. एकूण वाचलेल्या १२ मिनिटांपैकी ८ मिनिटे बदलाच्या जागेत वाचली होती. ती वाचली नसती, तर शेवटच्या रेषेवर सेकंद मोजत बसायची पाळी आली असती. पदक आता शेडच्या हिशेबाच्या टेबलावर टांगलेले आहे, आणि आमची बहीण आल्यागेल्याला ते स्वतःहून दाखवते.

पहिला बदल : पाण्यातून सायकलवर

१) आदल्या दिवशी जागा पाहून ठेवावी. पाण्यातून कुठून बाहेर येणार, आपली सायकल कोणत्या रांगेत, बाहेर पडायची वाट कोणती, हे पायी चालून बघावे. शेकडो सायकली एकसारख्या दिसतात. एखादे झाड, खांब किंवा कमान खूण धरून तिथून रांगा मोजाव्यात. सायकलीवर अवलंबून राहू नये, शेजारची सायकल आधीच निघून गेलेली असू शकते.

२) पोहण्याचे शेवटचे शंभर-दोनशे मीटर राहिले की पाय जरा जास्त मारावेत. आडवे पोहणारे शरीर एकदम उभे राहिले की चक्कर येते. पायांकडे रक्त आधी फिरू लागले तर ती कमी होते. हाताला तळाची वाळू लागेपर्यंत पोहावे, मग उभे राहावे.

३) पळता पळता पाण्याचा चष्मा आणि टोपी काढावी. सायकलपाशी पोहोचेपर्यंत हे काम झालेले असावे.

४) सायकलपाशी पहिले काम शिरस्त्राणाचे, म्हणजे हेल्मेटचे. ते डोक्यावर घालून हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियमच आहे. बैल जुंपताना शिवळ घालून जुपणी बांधल्याशिवाय आपण कासऱ्याला हात घालत नाही, तसेच हे समजा. हेल्मेट सायकलच्या दांडीवर उलटे, पट्टे दोन्ही बाजूंना सोडून ठेवावे, म्हणजे उचलले की थेट डोक्यावर बसते.

५) सायकल सीटला धरून ढकलत पळावे, म्हणजे पेडल पोटरीला लागत नाही. जमिनीवर आखलेली रेषा ओलांडल्यावरच चढावे. चढताना गिअर हलका असावा. जड गिअरवर ठेवलेली सायकल चढल्याबरोबर डगमगते आणि मागच्यालाही घेऊन पडते.

दुसरा बदल : सायकलवरून पायी

शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये गिअर हलका करून पाय भराभर फिरवावेत. जोर कमी, फेरे जास्त. असे केल्याने पळायला उतरल्यावर पाय लवकर मोकळे होतात. रेषेच्या अलीकडे उतरावे. सायकल जागेवर अडकवल्याशिवाय हेल्मेटचा पट्टा सोडू नये. पुष्कळजण घाईत इथेच चुकतात, कारण उतरल्यावर पट्टा सोडणे हा हाताचा स्वभाव असतो.

मग बूट बदलावेत, टोपी घ्यावी, नंबर पाठीवरून पोटावर फिरवावा. टोपी घालणे, नंबर फिरवणे ही कामे चालता चालता होतात, त्यासाठी उभे राहू नये. सुरुवातीला पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. घाबरू नये, सगळ्यांचेच तसे होते. पहिला एक किलोमीटर पावले आखूड टाकावीत, हळूहळू चाल सापडते.

घाई हवी, पण आरामही हवा

वेळ वाचवायचा म्हणजे सगळेच टाकायचे असे नव्हे. लहान अंतरात मोज्यांशिवाय चालते. पण समुद्रातून बाहेर आलेल्या पायाला वाळू लागलेली असते, आणि ती वाळू घेऊन ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावायचे म्हटले तर टाच सोलून निघते. पाव मिनिट पाय पुसायला, अर्धा मिनिट मोजे घालायला गेले तरी पुढे दहा मिनिटे वाचतात. एक जुना टॉवेल खाली अंथरावा, उभ्या उभ्याच त्यावर पाय घासावेत. बुटात थोडी पावडर टाकावी, टाचेला आणि काखेत व्हॅसलीन लावावे. कपडे शर्यतीत बदलत बसू नये. पोहणे, सायकल आणि पळणे या तिन्हीला चालेल असा एकच घट्ट पोशाख सुरुवातीपासून अंगावर असावा. उघड्यावर कपडे काढणे नियमातही बसत नाही.

आणखी एक महत्त्वाचे. पाण्यातून बाहेर आल्यावर छाती धडधडत असते. चक्कर आली तर अर्धा मिनिट उभे राहून श्वास घ्यावा, दोन घोट पाणी प्यावे आणि मगच सायकल घ्यावी. छातीत दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर सरळ स्वयंसेवकाला हात करावा. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा येते, माणूस येत नाही.

मोठ्यांचीही गत तीच

जगातले अव्वल खेळाडू एकेक बदल मिनिटाच्या आसपास उरकतात, तरीही त्यांना नियम सुटत नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इंग्लंडचा जोनाथन ब्राउनली पहिल्या बदलात रेषेच्या अलीकडेच सायकलवर चढला. एका पावलाची घाई, पण शिक्षा झाली १५ सेकंद उभे राहण्याची. थोरला भाऊ अ‍ॅलिस्टरने सुवर्णपदक घेतले, धाकट्याला कांस्यपदक मिळाले. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग आणि स्वीडनची लिसा नोर्डेन या दोघींची वेळ १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद अशी सारखीच भरली. शेवटी छायाचित्र पाहून स्पिरिगला सुवर्ण दिले. दोन तासांच्या कष्टांचा निकाल डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या फरकाने लागला. बुटाची एक नाडी अडकली असती तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

घरच्यांनी काय करावे?

शर्यतीला पोराबरोबर जाणाऱ्या सभासदांना एक खास सूचना. कठड्याच्या आत जाऊ नये. प्रेमापोटी सायकल धरायला, बाटली द्यायला किंवा बूट पुढे करायला कोणी गेले, तर ती बाहेरची मदत ठरते आणि पोराची शर्यत बाद होऊ शकते. पाणी, केळी वगैरे शर्यतीच्या वाटेवर आयोजक ठेवतात, ती घ्यायला हरकत नसते. आपण कठड्याबाहेरून आवाज द्यावा. अंगात त्राण उरले नाही तेव्हा ओळखीचा आवाज कानावर पडला की पाय आपोआप पुढे पडतात.

खर्चाबद्दलही बोलतो. महागडी सायकल घेतल्याने बदल लवकर होतो असे नाही. रबरी नाडी, नंबराचा पट्टा, जुना टॉवेल आणि पावडरीचा डबा एवढ्यावर काम भागते. हेल्मेट मात्र चांगले घ्यावे, तिथे काटकसर नको. कर्ज काढून सायकल आणण्याआधी पोराने एक शर्यत साध्या सायकलवर मुदतीत पुरी करून दाखवावी, एवढी अट बापाने घालायला हरकत नाही.

घरचा सराव

आठवड्यातून दोनदा, अर्धा तास पुरे. अंगणात सायकल लावावी, टॉवेलावर सामान वापरायच्या क्रमाने मांडावे : आधी लागणारे जवळ, नंतर लागणारे मागे. अंगावर बादलीभर पाणी ओतून घ्यावे, कारण कोरड्या अंगाचा सराव ओल्या अंगाला उपयोगी पडत नाही. मग विहिरीपासून पळत येऊन हेल्मेट, पट्टा, बूट, सायकल, रेषा असा क्रम दहा वेळा करावा. पहिल्या पाच वेळा सावकाश आणि बिनचूक, नंतरच्या पाच वेळा घड्याळ लावून. वेळ वहीत लिहून ठेवावी. आठवड्यातून एकदा लांब सायकल मारून आल्यावर लगेच बूट बदलून दोन-तीन किलोमीटर पळावे, म्हणजे लाकडी पायांची सवय होते. नवे बूट, नवे मोजे, नवा खाऊ शर्यतीच्या दिवशी प्रथमच वापरू नये. शर्यतीच्या आदल्या रात्री सामान यादीप्रमाणे मोजून पिशवीत भरावे, आणि सकाळी ते मांडल्यावर पुन्हा पुन्हा हलवू नये.

ज्या सभासदांची मुले-मुली या शर्यतीला जाणार असतील त्यांनी हा अंक घरी जपून ठेवावा आणि त्यांना वाचायला द्यावा. पोहणे, सायकल आणि पळणे यांची मेहनत पोरं आपापली करतातच. मधल्या जागेचा सराव मात्र कोणीतरी घड्याळ धरून उभे राहिले की चांगला होतो, आणि ते काम घरातल्या कोणालाही जमण्यासारखे आहे. पहाटे पाणी द्यायला मळ्यात जाताना दहा मिनिटे त्यांच्यासाठी काढावीत, एवढीच आमची विनंती.